शाळेची जागा

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणाऱ्या सडकेवर, शहराच्या पश्चिम कडेशी, हिनकल हे गाव आहे. नन्नेश्वराचे जुने दगडी देऊळ ही या गावाची जुनी ओळख. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूर शहर या दिशेने वाढू लागले, आणि विजयनगर या नव्या वसाहतीचे टप्पे हिनकल व शेजारच्या गावांच्या शेतजमिनींवर एकामागून एक आखले गेले. नकाशावर घरांचे भूखंड आले, रस्ते आले. त्यांच्याबरोबर बागा, दवाखाने, शाळा अशा सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागाही आल्या. शाळेची घंटा सर्वांनाच ऐकू येते. तिच्याखालची जमीन कोणाची होती, कोणत्या भावाने गेली आणि ती देणाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची कितपत संधी मिळाली, ही चौकशी मात्र क्वचितच होते.

ही हकीकत एकट्या म्हैसूरची नाही. इंग्रजी मुलखात १८९४ साली भूसंपादनाचा कायदा झाला, आणि त्याच साली म्हैसूर संस्थानानेही आपला स्वतंत्र भूसंपादन कायदा केला. दोन्हींचा सांगाडा एकच. पुढे १९६१ साली मध्यवर्ती कायदाच त्या सबंध राज्यात लागू झाला. म्हणजे हिनकलच्या शेतकऱ्याला जी कलमे लागली तीच साताऱ्याच्या, नगरच्या, बेळगावच्या शेतकऱ्यालाही लागली.

या कायद्यापूर्वी शाळेला जागा मिळे ती बहुधा मागून. पंतोजींची शाळा देवळाच्या सभामंडपात, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा चावडीत भरे; तिला स्वतःची अशी जमीन नसे. सरकारी शाळा निघाल्या तेव्हाही पुष्कळ ठिकाणी हीच रीत चालू राहिली. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसू लागली व तिचा एक तृतीयांश शिक्षणाकडे जाऊ लागला. शाळेसाठी जमीन देण्याची वेळ येण्याआधीच शेतकरी शाळेसाठी पैसा देत होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

जागेचा प्रश्न खरा बिकट झाला तो सक्तीच्या शिक्षणाने. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व बडोदे राज्यात नेला. म्हैसूरने १९१३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण जाहीर केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ साली झाला. मुलांनी शाळेत आलेच पाहिजे असे एकदा ठरल्यावर ती बसणार कोठे, हे पाहणे राज्यकर्त्यांवर आले. सभामंडपात पंचवीस मुले मावतात, दोनशे मावत नाहीत. शिवाय देवळात सर्व जातींच्या मुलांना सारखा प्रवेश नव्हता. म्हणून सार्वजनिक शाळेला सार्वजनिक जमीन हवी, ही मागणी केवळ सोयीची नव्हती, न्यायाचीही होती.

खेड्यात पहिली नजर जाई ती गावठाणाकडे आणि गायरानाकडे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत सरकारी जमीन गुरचरण, स्मशान, खळे, बाजार, रस्ते अशा कामांसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. शाळेचे नाव त्या यादीत नाही. ती ‘अन्य सार्वजनिक प्रयोजन’ या शेवटच्या शब्दांत सामावून जाते. जेथे सरकारी जमीन नसे, तेथे एखादा पाटील किंवा सधन शेतकरी दोन-चार गुंठे देऊन टाकी. अशी अनेक दाने तोंडी झाली. बक्षीसपत्र झाले नाही, सात-बाराच्या उताऱ्यावर नाव दात्याचेच राहिले, आणि दोन पिढ्यांनी नातवंडांनी शाळेच्या कुंपणाशी येऊन आपला हक्क सांगितला. दात्याचे औदार्य खरे होते आणि नातवंडांचा उताराही खराच होता.

गायरानही नाही आणि दाताही नाही, अशा ठिकाणी सरकारला जमीन विकत घ्यावी लागे. मालक राजी नसेल तर १८९४ चा कायदा पुढे येई. चौथ्या कलमाखाली राजपत्रात अधिसूचना निघावयाची, गावात जाहीर सूचना लागावयाची, मोजणी व्हावयाची. सहाव्या कलमाखाली सार्वजनिक प्रयोजनाची घोषणा, मग हितसंबंधितांना नोटिसा, अकराव्या कलमाखाली मोबदल्याचा निवाडा, आणि अखेर ताबा. मोबदला म्हणजे चौथ्या कलमाच्या अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, आणि घेणे सक्तीचे म्हणून त्यावर शेकडा पंधरा. ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणजे काय, याची पुरी व्याख्या कायद्याने केली नव्हती. शिक्षण संस्थांची मात्र त्यात एक चमत्कारिक सोय होती: सोसायट्यांच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था येथे ‘कंपनी’ या शब्दात मोडे. त्यामुळे विद्यादान करणारी मंडळी आणि कापडाची गिरणी काढणारी मंडळी एकाच दाराने सरकारकडे जमीन मागावयास जात.

या कायद्यातील दोन कलमे शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखी आहेत. पहिले चोविसावे. मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी जमेस धरू नयेत, हे त्यात सांगितले होते. संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार, त्यामुळे तिची किंमत वाढणार असेल तर ती वाढ धरावयाची नाही, असा एक नियम होता. तर्क सरळ आहे: सरकारने स्वतः निर्माण केलेल्या वाढीचे पैसे सरकारनेच का द्यावेत? पण गावात त्याचा परिणाम विचित्र होई. शाळा झाली की भोवतालच्या जमिनीला भाव येई. ज्याचा बांध शाळेला लागून आहे तो शेजारी त्या भावाने तुकडे विकून मोकळा होई. ज्याच्या शेतावर शाळा उभी राहिली, त्याच्या हाती मात्र शाळा नव्हती त्या दिवसाचा भाव. शाळेची झळ एकाला आणि फळ दुसऱ्याला!

दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. निवाडा मान्य नसेल तर अठराव्या कलमाप्रमाणे प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येई. पण ती लेखी करावी लागे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे मिळत. आणि एकतिसाव्या कलमाची अट अशी, की ज्याने रक्कम आपली हरकत न नोंदवता स्वीकारली त्याचा हा हक्कच बुडाला. आता प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. कचेरीत पैसे मोजले जात आहेत, पावती पुढे सरकवली जात आहे, आणि पावतीवर काय लिहिले आहे किंवा काय लिहावयास हवे होते, हे त्या शेतकऱ्याला वाचता येत नाही. तो अंगठा उठवतो. चार शब्द लिहिता न आल्यामुळे ज्याची दाद कायमची बंद झाली, त्याचीच जमीन लिहिणे-वाचणे शिकवण्यासाठी घेतली गेली होती. ज्याचा मुलगा चार इयत्ता शिकला होता किंवा ज्याने तालुक्याला वकील गाठला होता, तो न्यायालयात जाऊन वाढीव रक्कम आणी. एकाच अधिसूचनेतील, एकाच पोताच्या शेजारच्या शेताला दुसरा भाव मिळे.

हा दोष दूर व्हावयास नव्वद वर्षे लागली. १९८४ च्या दुरुस्तीने २८-अ हे कलम आले. एका शेतकऱ्याला न्यायालयाने वाढ दिली, तर त्याच अधिसूचनेतील इतरांना, त्यांनी पूर्वी अर्ज केला नसला तरी, निकालापासून तीन महिन्यांत त्या आधारे फेरनिश्चिती मागता येऊ लागली. तीन महिन्यांची मुदत समजावयालाही कोणीतरी वाचणारा लागतोच. तरी दार उघडले हे खरे. त्याच दुरुस्तीने शेकडा पंधराचे शेकडा तीस झाले, आणि सार्वजनिक प्रयोजनाच्या व्याख्येत शैक्षणिक योजनांचा प्रथमच नावाने उल्लेख झाला.

शहरांची कथा थोडी निराळी आहे, आणि तिचा उगम प्लेगात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या शेतां-वाड्यांवर आखीव वस्ती उभी राहू लागली. १८९८ सालीच प्लेग म्हैसुरात पोचला, आणि १९०३ साली तेथेही शहरसुधारणेचे मंडळ आले. अशा मंडळांनी जमीन सलग घ्यावयाची, रस्ते काढावयाचे आणि भूखंड पाडावयाचे. आखतानाच शाळेची जागा सोडता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. माटुंग्याच्या आखीव भागात १९२३ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा आली, १९३७ साली रुइया महाविद्यालय निघाले. म्हैसूरच्या मंडळाचे काम पुढे १९८८ साली नगरविकास प्राधिकरणाकडे गेले. हिनकलच्या बाजूची वाढ ही याच परंपरेतील.

मात्र आखणे वेगळे आणि घेणे वेगळे. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण टाकता येते. पण दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. तिजोरीत पैसा नसलेल्या नगरपालिकांच्या नकाशांवरून शाळा अशाच पुसल्या गेल्या आहेत. आणि तेवढी वर्षे तो मालकही आपल्या जमिनीवर धड बांधू शकत नाही, धड विकू शकत नाही.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा राहिला नाही. २०१३ साली संमत झालेल्या नव्या कायद्यात सक्तीबद्दलची रक्कम शेकडा शंभर झाली, आणि ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकेल अशी तरतूद आली. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळा सार्वजनिक प्रयोजनात ठेवल्या आणि खासगी शिक्षण संस्थांना त्यातून वगळले. हिनकल तोवर शहराला पुरते चिकटले होते. २०२० साली ते हूटगळ्ळी नगरपालिकेत गेले. अशा गावांच्या उरल्यासुरल्या शेतांवर एखाद्या खासगी संस्थेला शाळा काढावयाची झाली, तर तिला आता शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते आणि भाव विचारावा लागतो.