‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दप्तरे चाळणाऱ्यास एक धडा लवकर मिळतो : ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे म्हणता येत नाही. नोंदणाऱ्यास काय विचारण्यात आले होते, एवढेच दप्तर सांगते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील व नाशिककडील द्राक्षबागायतदारांना हाच धडा प्रयोगशाळेने दिला. तो इतिहास आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर ‘अपेडा’ने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष-तपासणीची योजना आखली आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’वर निर्यातक्षम बागांची नोंद होऊ लागली.

या तपासणीचे मुख्य साधन मास स्पेक्ट्रोमीटर. त्याचे मूळ फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ साली सिद्ध केलेल्या उपकरणापर्यंत जाते. फळाच्या अर्कातील रेणूंना विद्युतभार द्यावयाचा, वस्तुमानानुसार ते वेगळे करावयाचे, फोडावयाचे आणि तुकड्यांवरून ओळख पटवावयाची. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटींतला एक भागही त्यातून सुटत नाही.

असे असूनही २०१० साली तपासून पाठविलेल्या द्राक्षांत युरोपला क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरावी म्हणून वापरले जाणारे हे रसायन; बागायतदारांच्या बोलीत ‘सीसीसी’. ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. अशा तपासणीत यंत्र आधी नेमून दिलेली वस्तुमानेच शोधते. न विचारलेल्याची साक्ष ते देत नाही. बागायतदारांना मोठा फटका बसला आणि मग यादी वाढली.

या इतिहासाचा नायक मात्र परदेशी ग्राहकच राहिला. देशातील बाजारांतून भाजीपाल्याचे नमुने घेणारी केंद्रीय योजना २००५-०६ मध्ये सुरू झाली, हे खरे. परंतु ती एकंदर चित्र दाखविते, हातातल्या भाजीविषयी काही सांगत नाही. युरोपला जाणाऱ्या पेटीमागे बागेच्या नोंदीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत सारे दप्तर उभे असते. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईतून आपण घरी आणतो त्या मेथीच्या जुडीमागे असे काही नसते. तिच्यावर ‘आढळले नाही’ हा शेराही मारता येत नाही, कारण तिला कोणी काही विचारलेलेच नाही.