मीटरगेजचा पुरावा : मोठ्यांच्या छोट्या गाड्यांचा इतिहास

अंबडला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आमच्या गावचा माणूस एसटीने पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या जालन्याला जातो. अशा गावात राहून मी गेली काही वर्षे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती जमवतो आणि बनवतो. प्लॅस्टिकच्या जोडविटांचे संचही माझ्या कपाटात आहेत. साहजिकच मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "काका, नातवंडांच्या वयाची खेळणी तुम्ही कशाला जमवता?" त्याचे उत्तर शोधताना या छंदाचा इतिहास चाळावा लागला आणि तो चाळताना आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातला एक रिकामा कोपरा दिसला. प्रस्तुत लेख त्या कोपऱ्याविषयी आहे.

आधी 'खेळणे' या शब्दाचा निकाल लावू. छोटी आगगाडी ही लहान मुलांची वस्तू, ही समजूत बाजाराने घडवली. जर्मनीतील गोपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रूळ जोडत जायचे चावीच्या गाडीचे संच मांडले. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या जोडखेळाचे पेटंट घेतले. तोच पुढे 'मेकॅनो' झाला. १९२० पासून त्यांच्या गाड्याही दुकानांत आल्या. पण याच काळात नॉर्दम्प्टनचे बॅसेट-लोके मापात बनवलेली इंजिने मोठ्या माणसांना विकत होते आणि १९१० मध्ये लंडनमध्ये 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला, तोही प्रौढांनीच. म्हणजे दोन प्रवाह आरंभापासून शेजारी-शेजारी वाहत होते. मुलांसाठी चालणारी गाडी, आणि मोठ्यांसाठी मोजलेली गाडी.

जोडविटांचे थोडे निराळे आहे. डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा धंदा सुरू केला. तोच पुढे 'लेगो'. आजची वीट २८ जानेवारी १९५८ च्या पेटंटातली आहे आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. १९६६ मध्ये या विटांच्या आगगाड्या आल्या, १९७८ मध्ये हात-पाय हलणारी छोटी माणसे आली. हा खेळ मुलांसाठीच निघाला होता. पण ती मुले मोठी झाली आणि विटा त्यांच्याबरोबर राहिल्या. अलीकडे कंपनीच काही संचांवर 'अठरा वर्षांवरील' असे छापते.

आपल्याकडे कायदा मात्र या दोन प्रवाहांत फारसा फरक करत नाही. आयातशुल्काच्या यादीत मुलांची खेळणी, कोडी आणि प्रमाणात केलेल्या प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. २०२० मध्ये त्यांवरील शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण हा त्यामागचा हेतू, आणि तो समजण्यासारखा आहे. परिणाम एवढाच, की तालुक्याच्या गावातल्या छांदिष्टाला परदेशी इंजिन परवडत नाही. तो पुठ्ठा, सनबोर्ड, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो. माझ्या मते यात तोटा कमी आणि फायदा अधिक झाला. तो कसा, ते पुढे येईल.

मराठी मुलखात छोट्या गाडीची सर्वांत प्रसिद्ध कथा ग्वाल्हेरची आहे. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यांवरून चांदीची गाडी फिरत असे. डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे, डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे. माधवराव शिंदे यांना रेल्वेचे खरेच वेड होते. त्यांच्या संस्थानातली दोन फुटी ग्वाल्हेर लाइट रेल्वे श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावली आणि २०२० पर्यंत टिकली. पण चांदीची गाडी ही वैभवाची वस्तू होती. तिच्यावरून खऱ्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा डबा कसा होता, हे कळत नाही.

मध्यमवर्गीय घरातून आलेला दुसरा टप्पा पुण्याचा. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. एका खोलीत अख्खे गाव, घाट, सिग्नल आणि ठरल्या वेळेला सुटणाऱ्या गाड्या. मराठी माणसाने हौसेला यंत्रशिस्त लावली की काय होते, त्याचा तो नमुना आहे. आणि तो आपल्या परंपरेला परकाही नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, हळीव पेरून हिरवळ उगवायची, चित्रे मांडायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. आता तर कित्येक मंडळांतली मोठी माणसे नकाशा हातात घेऊन राजगड-प्रतापगडाच्या माच्या आणि बुरूज मापात उभे करतात. त्यांना कोणी पोरकट म्हणत नाही. मग स्टेशन मापात उभे करणाऱ्याला का म्हणावे?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मोठ्यांचा हा छंद म्हणजे पुरावा जपण्याची एक रीत आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच बार्शीशी जोडलेले आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे बांधली. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येई. गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतले लातूर, १९२७ मध्ये मिरज असा तिचा विस्तार झाला. एकूण सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीने पंढरपूरला गेल्या.

बार्शीच्या यशावर कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात तशीच अडीच फुटी 'लीक अँड मॅनिफोल्ड' रेल्वे उभारण्यात भाग घेतला. ती १९०४ मध्ये सुरू झाली. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. इंजिनांना भारतीय धर्तीचे मोठे दिवे, डब्यांना आपल्याकडच्यासारखे सज्जे. उत्पन्न बेताचेच राहिले आणि १९३४ मध्ये ती बंद पडली. तिच्या दोन्ही इंजिनांची मोड झाली. रुळांच्या जागी पायवाट आली.

पण गंमत अशी, की या मेलेल्या रेल्वेचे बारीकसारीक तपशील आज मिळतात. इंग्लंडच्या छांदिष्टांनी तिचे आराखडे काढले, छायाचित्रांवरून मापे ताडली, वेगवेगळ्या प्रमाणांत तिची इंजिने आणि स्थानके पुन्हा पुन्हा बनवली. तीस वर्षे चाललेली तेरा किलोमीटरची लेक अशी मापासह जिवंत आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली तिची आई मात्र २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली आणि तिच्या आठवणी आपण बहुतांशी हळहळीतच जपल्या. हळहळीला माप नसते.

हीच गोष्ट जालन्याची. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सिकंदराबादकडे गेली. रूळ मीटरगेज. कारभार आधी निजामाच्या हमीखालच्या कंपनीकडे, १९३० मध्ये थेट निजाम सरकारकडे, १९५१ मध्ये मध्य रेल्वेकडे, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि २००३ मध्ये नांदेड विभाग झाला. १९९० च्या दशकात आमच्या भागातला मीटरगेज उखडला आणि ब्रॉडगेज आला. गाड्यांचा वेग वाढला, मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदलणे सुटले. त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या जालना स्थानकाचा अंगण-नकाशा, पाणी भरायचा खांब, 'वायपी' इंजिनाची उभी राहण्याची जागा हे सगळे ज्यांनी रोज पाहिले, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून मी १९७० च्या आसपासचे मीटरगेजचे जालना करायला घेतले आहे. प्रमाण १ : ८७. यात थोडे गणित लागते आणि ते मोठे रंजक आहे. बाजारात या प्रमाणाचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद मिळतात. ते युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी आहेत. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. तेव्हा भारतीय ब्रॉडगेजचा डबा विकतच्या रुळावर ठेवला की अंगावर मोठा सदरा आणि खाली तोकडे धोतर, असा प्रकार दिसतो. मीटरगेज मात्र साडेअकरा मिलिमीटर भरतो आणि स्वित्झर्लंडच्या मीटरगेज डोंगरी रेल्वेसाठी निघालेले १२ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ बरोबर बसतात. आल्प्समधली गाडी आणि आमची जालन्याची गाडी एकाच रुंदीच्या रुळांवर धावत होती, हे मला या छंदाने शिकवले. बार्शीची गाडी करायची तर ९ मिलिमीटरचे रूळ चालतात.

जागेचेही तसेच. अंबड ते जालना हे अंतर या प्रमाणातही तीनशे मीटरहून अधिक होते. तेवढे घर कोणाचे असणार? म्हणून मी फक्त स्थानकाचे आवार घेतले आहे.

जोडविटा इथे उपयोगी पडतात. पुठ्ठ्यावर कात्री चालवण्याआधी मी गोदाम, केबिन, फलाट यांचा ढोबळ आकार विटांनी रचून पाहतो. नवे छायाचित्र मिळाले की रचना मोडून पुन्हा जोडतो. वीट म्हणजे माझी पेन्सिल, पुठ्ठा म्हणजे शाई. आणि इंजिन विकत मिळत नसल्यामुळेच प्रत्येक चाकाचे, प्रत्येक खिडकीचे माप मला स्वतः शोधावे लागते. वर म्हटलेला फायदा तो हाच.

इतिहासलेखक आणि प्रतिकृती करणारा यांच्यात एक फरक आहे. लेखात मौन पाळता येते. 'स्थानकात पाण्याची सोय होती' असे लिहून पुढे जाता येते. प्रतिकृतीत तो खांब रुळाच्या डावीकडे की उजवीकडे, हे ठरवावेच लागते. मी दोन निवृत्त रेल्वे कामगारांना विचारले. दोघांनी दोन बाजू सांगितल्या आणि दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. तिसरा साक्षीदार किंवा छायाचित्र मिळेपर्यंत तो खांब माझ्याकडे करड्या रंगात उभा आहे. ज्या भागाला पुरावा नाही तो करडा, ज्याला आहे तो मूळ रंगात, असा नियम मी केला आहे. पाहणाऱ्याला आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही, हे एका नजरेत दिसते. मुलांच्या गाडीला अशा नियमाची गरज नसते.

आज माझ्या फळीवर करडा रंग जास्त आहे. तो कमी करणे माझ्या एकट्याच्या हातात नाही. परतूर, सेलू, रांजणी, बदनापूर, जालना या स्थानकांवर ज्यांच्या घरातल्या कोणी नोकरी केली असेल, त्यांच्या ट्रंकांत जुने पास, वेळापत्रके, फलाटावर उभे राहून काढलेले कुटुंबाचे फोटो असतील. फोटोत माणसे पुढे असतात. मागे काय दिसते, तेही या दिवाळीत घर आवरताना एकदा पाहावे. मागच्या भिंतीची उंची शेजारी उभ्या आजोबांवरून मोजता येते.