मधु लिमये : एक विरोधी सभासद

आपल्या वरणगावाप्रमाणेच खानदेशात असलेल्या धुळ्याच्या तुरुंगात १९४० साली अठरा वर्षांचा एक पुणेकर तरुण युद्धविरोधी भाषणांबद्दल डांबला गेला. तेच मधु लिमये १९६४ साली बिहारातील मुंगेरहून लोकसभेत गेले. खासदारांच्या खोट्या सह्यांनिशी आयात परवाने मागितल्याचे प्रकरण १९७४ साली निघाले, तेव्हा सरकारास जाब विचारणाऱ्यांत ते अग्रेसर होते. परंतु खरी कसोटी १९७६ साली लागली. आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षांची मुदत एका वर्षाने वाढविण्यात आली. लोकांनी न दिलेला अधिकार भोगणे ही अनीती, असे मानून लिमये यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. पुढे खासदारकीचे निवृत्तिवेतनही नाकारले. सरकारास लावलेले माप त्यांनी स्वतःसही लावले. त्यांच्या शब्दास वजन आले ते यामुळेच.