आत गेलेला हायड्रोजन आणि आखडलेली तार

आजच्या भागात धातूबद्दल बोलायचंय. धातू हायड्रोजन पितो, आणि प्यायल्यावर त्याचं काय होतं, याची ही गोष्ट. केमिस्ट्री म्हटलं की स्किप करणाऱ्यांनो, दोन मिनिटं थांबा. यात एक टांकसाळ पण आहे.

तर थॉमस ग्रॅहम. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ आणि 1855 पासून लंडनच्या शाही टांकसाळीचा प्रमुख. 1860 च्या दशकात त्याने दाखवलं की पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या जवळपास 900 पट हायड्रोजन आत घेतो. म्हणजे हायड्रोजनचे रेणू पृष्ठभागावर फुटतात आणि सुटे अणू धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात. ग्रॅहम यावर इतका खूश होता की हायड्रोजन भरलेल्या पॅलेडियमची त्याने पदकंच पाडली. टांकसाळवाला माणूस, दुसरं काय करणार!

पण मला पदकांपेक्षा त्याची तार जास्त आवडते. त्याने पॅलेडियमच्या तारेत हायड्रोजन भरला, तार लांबली. हायड्रोजन काढून घेतला, तर ती मूळ लांबीवर यायला हवी ना? ती त्याहून आखूड झाली! हायड्रोजन निघून गेला, पण धातू पहिल्यासारखा राहिला नाही. ग्रॅहमने ते मोजलं, लिहिलं, आणि 1869 मध्ये तो गेला.

आत नेमकं काय बिघडतं, हे सांगायला शब्दच तेव्हा नव्हता. तो 1934 मध्ये आला: डिस्लोकेशन. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी एकाच वर्षी, वेगवेगळं काम करत ही कल्पना मांडली. शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगा आठवा. मधली एक रांग अर्ध्यावरच संपली, तर आजूबाजूच्या रांगा ती जागा भरायला थोड्या वाकतात. अणूंच्या रांगांचंही तसंच. हायड्रोजन भरलेला भाग फुगतो, शेजारचा रिकामा भाग फुगत नाही, त्या ओढाताणीत अशा अर्धवट रांगा तयार होतात. हायड्रोजन बाहेर पडला तरी त्या तिथेच राहतात.

आता नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला जाऊ, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत. तिथे समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम चालू होतं. हायड्रोजनमुळे या चुंबकांचे गुण बदलतात, असं झाइल्स्ट्रा आणि वेस्टेंडॉर्प यांनी 1969 मध्ये छापलं. म्हणजे शोध होता चुंबकाचा, हाती लागला हायड्रोजन. पुढच्याच वर्षी तिथल्याच लोकांनी लँथॅनम आणि निकेलचा मिश्रधातू जाहीर केला: एका लँथॅनमला पाच निकेल. साध्या खोलीच्या तापमानाला तो हायड्रोजन घेतो आणि परत देतो. आणि तेही द्रवरूप हायड्रोजनपेक्षा जास्त दाटीने! याची बॅटरी करायची, हे ओघानेच आलं.

आणि तिथेच गाडी अडली. हा मिश्रधातू हायड्रोजन पिताना सुमारे 25 टक्के फुगतो. पॅलेडियम निदान लवचिक तरी आहे, हा पडला ठिसूळ. फुगला, आखडला, की तडे जातात, आणि थोड्याच फेऱ्यांत त्याची बारीक पूड होते. गंमत म्हणजे सुरुवातीला हे तडे हवेच असतात, कारण कोरा पृष्ठभाग उघडा पडतो आणि हायड्रोजन पटापट आत शिरतो. पण बॅटरीत त्याच कोऱ्या पृष्ठभागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण तुटून पडतं. लँथॅनमचं हायड्रॉक्साइड होतं, निकेल सुटं पडतं, आणि हायड्रोजन साठवणारा मिश्रधातू दर चार्जिंगला थोडा थोडा संपत जातो. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी वस्तू दुकानात ठेवण्याच्या लायकीची नव्हती. अशी किती वर्षं गेली? 1970 ते 1984!

1984 मध्ये फिलिप्सच्याच विलेम्सने आपल्या प्रबंधात उपाय मांडला. निकेलच्या जागी बराचसा कोबाल्ट, लँथॅनमच्या जागी थोडं निओडिमियम, आणि चिमूटभर सिलिकॉन. साठवण थोडी घटली, पण फुगणं कमी झालं, तडे कमी झाले, धातू टिकला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा हुशार माणूस हाच. त्याने जास्त हायड्रोजन कोंबायचा नाद सोडला आणि धातूला कमी फुगायला लावलं.

1990 च्या आसपास जपानमध्ये निकेल मेटल हायड्राइड सेल बाजारात आले, आणि डिसेंबर 1997 मध्ये टोयोटाची पहिली प्रियस याच प्रकारच्या बॅटरीवर निघाली. तुमच्या घरातल्या ट्रिमरमध्ये किंवा कॅमेऱ्यात रिचार्जेबल पेन्सिल सेल असेल तर काढून बघा, बहुतेक त्यावर हेच नाव असेल. आत आहे ती विलेम्सच्या मिश्रधातूचीच भावंडं.