सुरैयाचे आकाश, जमिनीची सरहद्द

उर्दूत आपण ज्याला सुरैया म्हणतो आणि मराठीत कृत्तिका, त्या तारकापुंजाचे अरबी नाव 'थुराया'. 1997 साली संयुक्त अरब अमिरातीत सॅटेलाइट फोनची एक कंपनी निघाली, तिने हेच नाव घेतले. 2000 साली तिचा पहिला उपग्रह अवकाशात गेला.

त्याआधी, 1 नोव्हेंबर 1998 रोजी, अमेरिकेच्या इरिडियमची सेवा सुरू झाली होती. तिचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरत आणि एकमेकांकडे संभाषण सोपवत. त्यामुळे ध्रुवांसह सारी पृथ्वी टप्प्यात आली. पण फोन महाग होता आणि साध्या मोबाइलचे टॉवर शहरोशहरी पोहोचले होते. ऑगस्ट 1999 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. पुढे नव्या मालकांनी ती सावरली.

थुरायाने दुसरी वाट धरली. विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. असे मोजकेच उपग्रह मोठा प्रदेश व्यापतात. मात्र ध्रुव त्यांच्या नजरेबाहेर राहतात. अमेरिका खंडही थुरायाच्या क्षेत्रात नव्हते. तिच्या फोनमध्ये एक सोय होती: टॉवर असेल तिथे मोबाइल रोमिंग, नसेल तिथे उपग्रह.

या मर्यादा भूगोलाच्या झाल्या. कायद्याची मर्यादा निराळी. भारत थुरायाच्या छत्राखाली येत असूनही तिचा फोन इथे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवाद्यांनी समुद्रातून येताना थुराया फोन वापरला होता. त्यानंतर बंधने आणखी कडक झाली. कंपनीचे भूकेंद्र परदेशात असेल, तर इथल्या यंत्रणांना संभाषणावर लक्ष ठेवता येत नाही, हे त्यामागचे कारण. म्हणूनच बीएसएनएलने 2017 मध्ये इनमारसॅटची सेवा सुरू केली, ती भारतातल्या भूकेंद्रावरून.

आखातात नोकरी करणारी आपली माणसे सुट्टीत गावी येतात, तेव्हा हा इतिहास त्यांच्या कामाचा आहे. तिकडे रीतसर विकत घेतलेला फोन इकडच्या विमानतळावर गुन्हा ठरू शकतो. फोनला सिग्नल मिळतो म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. बॅग भरण्याआधी एवढे घरच्यांना जरूर सांगा.