दप्तर ठेवून पेटीसमोर

संध्याकाळी दप्तर ठेवून पेटीसमोर बसणाऱ्या आठवी-नववीतल्या मुलांना ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’ या संगीताच्या परीक्षा चांगल्याच ठाऊक असतात. या वाटेची सुरुवात कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी केली.

लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. तेव्हा विद्या मिळवायची तर गुरुघरी राहून सेवा करावी लागे, आणि सभ्य घरांत गाण्याला मान नव्हता. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं: ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वतःची स्वरलिपी. गाणं शाळेसारखं शिकता येऊ लागलं!

१९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी परीक्षा घेणारं मंडळ स्थापन केलं.

पुढे महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. गुणांसाठी आलेल्या मुलालाही यमन राग भेटतो, हे पलुसकरांचंच श्रेय.