शिवणयंत्राची जन्मतारीख

जुनी शिवणयंत्रे जमवून ती घराच्या बैठकीत मांडून ठेवण्याची हौस आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी, नक्षीदार ओतीव लोखंडाचे पाय, लाकडी झाकण यांना एक देखणेपण आहेच. पण हे यंत्र इतिहासाचे साधन म्हणून पाहू लागलो की प्रश्न पडतो, आपण नेमके काय जपतो आहोत?

घरगुती वस्तूंच्या संग्रहाची परंपरा मराठीत नवी नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास पुण्यातल्या आपल्या घरी दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तू गोळा करायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजदरबाराबाहेरचा, माजघरातला इतिहासही जतनयोग्य असतो हे त्यांनी एका कवीच्या नजरेने ओळखले होते. शिवणयंत्र त्याच माजघरातले. फरक इतकाच की ते कारखान्यात जन्मले आणि आपली जन्मतारीख अंगावर घेऊन आले.

हे शब्दशः खरे आहे. सिंगर कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर क्रमांक कोरलेला असतो. विसाव्या शतकातल्या यंत्रांवर त्याआधी इंग्रजी अक्षर असते. ते ‘वाय’ असेल, तर यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तयार झाले असे समजावे. १८८५ मध्ये सुरू झालेला तो प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तिथली यंत्रे मात्र आपल्या खेड्यापाड्यांत राहिली. संग्राहक हा क्रमांक ताडून पाहतो आणि यंत्राचे वय सांगतो. त्या यंत्रावर तीस-चाळीस वर्षे पाय मारणाऱ्या बाईचे जन्मवर्ष मात्र पुष्कळदा तिच्या घरातही कुणाला सांगता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब या गावी हा विरोध अधिक टोचतो, कारण हा मुलूख कापसाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, दारव्ह्यावरून धावू लागला तो मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई. कापड होऊन परत येई ते विकत घेण्यासाठी. या लांबच्या फेऱ्यातला अखेरचा टप्पा, म्हणजे कापडाचा अंगरखा किंवा चोळी होण्याचा, गावातल्या शिवणयंत्रावर पार पडे. बोरी अरबमधल्या एखाद्या घरात आज असे यंत्र मांडलेले असेल, तर ते नुसती शोभेची वस्तू ठरत नाही. शेतातल्या बोंडाची आणि अंगावरच्या कपड्याची पुन्हा गाठ पडण्याची ती जागा आहे.

हे यंत्र घरात शिरले ते सावकाश. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट मिळवले आणि त्याच्या कंपनीने लवकरच हप्त्याने विक्रीची पद्धत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील व्यवसायाची सूत्रे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होती. धोतर, लुगडे अशी न शिवलेली वस्त्रे नेसणाऱ्या समाजात गिऱ्हाईक मिळणे सोपे नव्हते. यंत्र प्रथम घेतले ते व्यावसायिक शिंप्यांनी. पुढे सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला स्थान दिले, १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची ‘उषा’ आली आणि यंत्र दुकानातून स्वयंपाकघराच्या शेजारी आले. निराधार झालेल्या कित्येक स्त्रियांनी त्याच्याच आधाराने मुले वाढवली.

यंत्रांचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद मानले. १९२४ मध्ये रामचंद्रन या तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी त्याचे कारण सांगितले: पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र शोधले. इतिहास काहीसा निराळा आहे. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कार्यशाळेत दुसऱ्यांच्या सदोष यंत्रात सुधारणा करताना सिंगरला ही रचना सुचली, आणि त्यामागे व्यापाराची दृष्टी होती. पण आम्हांला लक्षणीय वाटते ते वेगळेच. या आख्यायिकेतही शिवणारी स्त्री बिननावाचीच आहे. तिचे कष्ट हे शोधाचे निमित्त, श्रेय मात्र शोधणाऱ्याचे.

आपल्या वाङ्मयात असे नेहमीच घडलेले नाही. संत नामदेव जातीने शिंपी. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या पदात गज, कातर, सुई आणि दोरा ही भक्तीची साधने होतात. उर्मिला पवारांनी २००३ मध्ये आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिले, आणि आईच्या हातचे बांबूकाम लेकीच्या लेखनाशी जोडले गेले. पहिल्या ठिकाणी कारागीर स्वतः बोलतो, दुसऱ्या ठिकाणी कारागिराची मुलगी. दोन्हीकडे हत्यार आहे, आणि ते धरणारा हातही आहे.

प्रत्येक घराला असा लेखक लाभत नाही. पण संग्रह करणाऱ्याला एक काम सहज करता येईल. यंत्राशेजारी क्रमांकाच्या चिठ्ठीसोबत आणखी एक चिठ्ठी असावी. हे यंत्र कोण चालवीत असे, ते कसे घेतले, हप्ते कशातून फेडले, कुणाची झबली आणि कुणाच्या लग्नाच्या चोळ्या यावर शिवल्या गेल्या, हे तिच्यावर लिहिलेले असावे. ही उत्तरे देऊ शकणारी पिढी आता थकली आहे. लोखंडाला तेल दिले तर ते आणखी शंभर वर्षे टिकेल. आठवणींचे तसे नाही. त्या आजच विचारून घ्याव्या लागतील.